टॉमकॅट पुरेल का?

रात्री दोन वाजता साइट बंद पडली तर फोन कोणाला जाणार? ॲप्लिकेशन सर्व्हर निवडायला बसलात की आधी ते नाव कागदावर लिहा. त्या माणसाला जो सर्व्हर उघडून बघता येतो, ज्याचे लॉग वाचता येतात आणि जो पुन्हा उभा करता येतो, तेवढेच यादीत ठेवा. बाकीच्यांवर काट मारा, मग ते कितीही नावाजलेले असोत. वेगाचे तक्ते आणि ‘एंटरप्राइज’ हा शिक्का नंतर बघता येतो. बहुतेक छोट्या टीमवर तो बघायची वेळही येत नाही.

नव्याने या कामात आलेल्यांसाठी थोडं आधी सांगतो. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट पहिल्यांदा वेब सर्व्हरच्या दारात येते, म्हणजे बहुधा एनजिनएक्स किंवा अपाची एचटीटीपीडीच्या. चित्रं, सीएसएससारख्या फायली तो स्वतःच देतो, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र सांभाळतो आणि उरलेलं मागे ढकलतो. मागे जो बसलेला असतो तो ॲप्लिकेशन सर्व्हर. तुमचा कोड तो चालवतो. थ्रेड, सेशन, डेटाबेसची कनेक्शन्स हा सगळा व्याप त्याच्याकडे. दोघेही एकाच मशीनवर असू शकतात, पण कामं वेगळी आहेत.

या लेखात जास्त बोलायचं आहे ते जावाबद्दल, कारण निवडीचा खरा घोळ तिथे आहे. पीएचपी, पायथन, नोडकडे शेवटी येतो.

काय हवंय ते कोडला विचारा

टॉमकॅट मुळात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिला आणि १९९९ मध्ये तो अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आला. सर्व्हलेट, जेएसपी, वेबसॉकेट एवढंच तो मनापासून करतो. जकार्ता ईई नावाच्या मोठ्या संचातल्या ईजेबी, जेएमएस, जेटीए या गोष्टी त्यात नाहीत. त्या हव्या असतील तर वाइल्डफ्लाय, पयारा, ओपन लिबर्टी, वेबलॉजिक या घराण्यांकडे जावं लागतं.

हव्या आहेत की नाहीत, हे बैठकीत ठरवू नका. बैठकीत सगळ्यांना सगळंच हवं असतं. कोड उघडा आणि इम्पोर्टच्या ओळी शोधा. ईजेबीचं कुठे नाव आहे का? रांगेतून मेसेज घेऊन काम करणारा एखादा मेसेज-ड्रिव्हन बीन आहे का? एकाच व्यवहारात दोन डेटाबेसमध्ये नोंद व्हायला हवी, आणि एकीकडे फसली तर दुसरीकडचीही मागे घ्यायला हवी, असं कुठे आहे का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आलं तर टॉमकॅट किंवा त्याच्याच जातकुळीतला जेटी पुरतो. कॉलेजचं प्रवेश पोर्टल, पतसंस्थेची सभासद-नोंदणी, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, मध्यम आकाराचं ऑनलाइन दुकान, ही सगळी त्यावर सुखाने चालतात. एखादीच गोष्ट कमी पडत असेल, समजा मेसेजची रांग, तर तेवढ्यासाठी पूर्ण सर्व्हर बदलू नका. रॅबिटएमक्यू किंवा ॲक्टिव्हएमक्यू बाजूला उभा केला की भागतं.

मोठा सर्व्हर घेण्याचं एक कारण मात्र मला रास्त वाटतं. बँका आणि विमा कंपन्या वेबलॉजिक किंवा जेबॉस ईएपी घेतात ते करारासाठी: अमुक तासांत कोणीतरी फोन उचलेल आणि पॅच देईल, हे कागदावर लिहून मिळतं. त्याचे पैसेही तसेच असतात. वेबलॉजिक २००८ पासून ओरॅकलकडे आहे, बीईए सिस्टिम्स त्यांनी घेतली तेव्हापासून, आणि लायसन्सचा हिशोब साधारणपणे प्रोसेसरवर होतो. म्हणजे लोड वाढला म्हणून मशीन मोठं केलं की बिलही फुगतं. जेबॉस २००६ मध्ये रेड हॅटकडे गेला. त्याची फुकट मिळणारी आवृत्ती २०१४ पासून वाइल्डफ्लाय या नावाने येते, आणि करारासह हवी तर ईएपीची वार्षिक वर्गणी भरावी लागते. क्लायंट असा करार घेणार नसेल, तर ‘आमच्याकडे मोठ्या कंपनीचा सर्व्हर आहे’ या समाधानापलीकडे हाती काही लागत नाही.

सर्व्हरच्या पाठीशी कोण उभं आहे, हेही बघून ठेवा. ग्लासफिश हा जावा ईईचा आदर्श नमुना म्हणून ओळखला जाई. २०१३ मध्ये ओरॅकलने त्याचा व्यावसायिक सपोर्ट थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि प्रॉडक्शनमध्ये तो चालवणारे रातोरात अडचणीत आले. त्याच कोडमधून पुढे पयारा उभा राहिला, म्हणून अनेकांचं निभावलं.

सर्व्हर जारच्या आत असतो तेव्हा

स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि तेव्हापासून सर्व्हर कुठला घ्यायचा हा प्रश्न अनेकांच्या लेखी संपलाच. जार फाइल चालवली की आतला टॉमकॅट आपोआप उठतो. आपण टॉमकॅट चालवतोय हेच ठाऊक नसलेले डेव्हलपर मुलाखतींना सर्रास भेटतात. पण निवड झालेली असते, फक्त ती तुमच्यासाठी दुसऱ्याने केलेली असते.

मला ही पद्धत आवडते. एका टॉमकॅटमध्ये पाच वॉर फायली टाकल्या की त्यातली एक हीप खाऊन बसते आणि उरलेल्या चार तिच्याबरोबर आडव्या होतात. पुन्हापुन्हा रीडिप्लॉय केलं की जुने क्लासलोडर मेमरीत अडकून राहतात, आणि शेवटी रिस्टार्ट मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एक ॲप, एक प्रोसेस ही शिस्त त्यातून सोडवते. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे. टॉमकॅटमध्ये सुरक्षेची एखादी त्रुटी सापडली की वेगळ्या बसवलेल्या टॉमकॅटला एका जागी अपग्रेड करून भागतं. जारमध्ये असेल तर प्रत्येक जार नव्याने बिल्ड करून पुन्हा डिप्लॉय करावी लागते. वीस छोट्या सर्व्हिसेस असतील आणि बिल्ड-डिप्लॉय आपोआप होत नसेल, तर ते काम आठवडाभर पुरतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीतल्या त्रुटीचं प्रकरण झालं तेव्हा अनेक टीमचे पहिले काही दिवस ‘आपल्या कुठल्या जारमध्ये ती लायब्ररी आहे’ हे हुडकण्यातच गेले. तेव्हा सर्व्हर जारच्या आत ठेवा, पण बिल्डची पाइपलाइन आधी उभी करा.

आवृत्तीची मेख

नवीन माणूस हमखास अडतो ती जागा ही. टॉमकॅटच्या साइटवरून सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवायची, ऑफिसातली जुनी वॉर फाइल वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकायची, आणि ब्राउझरमध्ये बघायचं तर ४०४. लॉगमध्ये कधी काहीच नसतं, तर कधी ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ आणि त्यापुढे जावाएक्स-सर्व्हलेटचं नाव. कोड तोच असतो, काल चालत होता, आज चालत नाही.

कारण तांत्रिक कमी आणि कायद्याचं जास्त आहे. २०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण ‘जावा’ या ट्रेडमार्कवरचा हक्क सोडला नाही. २०१८ मध्ये संचाचं नाव जकार्ता ईई झालं. जावाएक्स या नावाखालच्या पॅकेजमध्ये पुढे बदल करता येईनात, म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये या पॅकेजचीही नावं जकार्ताने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो. १० पासून पुढचे फक्त नवी.

म्हणून जोड्या लक्षात ठेवा. स्प्रिंग ५ किंवा स्प्रिंग बूट २ वर लिहिलेला कोड टॉमकॅट ९ वर चालतो. स्प्रिंग ६ किंवा स्प्रिंग बूट ३ असेल तर टॉमकॅट १०.१ किंवा त्यापुढचा हवा, आणि जावा किमान १७. कुठल्या तरी जुन्या ट्युटोरियलमध्ये टॉमकॅट १०.० दिसला तर तो घेऊ नका, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्येच संपला. ८.५ चा मार्च २०२४ मध्ये संपला.

सोर्स कोड हाताशी नसलेली जुनी वॉर फाइल नव्या टॉमकॅटवर न्यायचीच असेल तर अपाचीने त्यासाठी मायग्रेशन टूल दिलेलं आहे. टॉमकॅट १० च्या फोल्डरमध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर तयार करून त्यात वॉर टाकली, तर रूपांतर आपोआप होतं. बरीच ॲप्स त्यातून निघतात. रिपोर्ट काढणाऱ्या आणि फाइल अपलोडच्या जुन्या लायब्रऱ्या मात्र हाताने चालवून बघा, फक्त होमपेज उघडलं म्हणून खूश होऊ नका.

लोड किती झेपेल

‘आमच्याकडे तीन हजार विद्यार्थी एकदम येणार, टॉमकॅट टिकेल का?’ हा प्रश्न प्रवेशाच्या हंगामात ठरलेला. गणित करून बघू.

तीन हजार मुलं दहा मिनिटांत येतात आणि प्रत्येक जण सहा पानं उघडतो असं धरा. अठरा हजार रिक्वेस्ट, सहाशे सेकंद, म्हणजे सेकंदाला तीस. एका रिक्वेस्टला ०.४ सेकंद लागत असतील तर कुठल्याही क्षणी सर्व्हरच्या आत सरासरी बाराच रिक्वेस्ट असतात. टॉमकॅटचे थ्रेड न बदलता दोनशे असतात. म्हणजे तो जवळपास रिकामाच बसलाय.

आता डेटाबेसकडे बघा. स्प्रिंग बूटमधला हिकारी हा कनेक्शन पूल न सांगता दहा कनेक्शन्स ठेवतो. एक रिक्वेस्ट ०.३ सेकंद कनेक्शन धरून ठेवत असेल तर दहा कनेक्शन्स सेकंदाला तेहेतीस रिक्वेस्ट उरकतात. येणाऱ्या तीस. काठावर पास.

मग कोणीतरी ओटीपीचा एसएमएस पाठवणारा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत टाकतो. एसएमएस देणाऱ्याचा सर्व्हर त्या दिवशी जरा रेंगाळतो, आणि कनेक्शन ०.३ ऐवजी एक सेकंद अडकून राहतं. आता उरकतात सेकंदाला दहा, येतात तीस. दर सेकंदाला वीस रिक्वेस्ट साचत जातात आणि दहाएक सेकंदांत दोनशेच्या दोनशे थ्रेड हात बांधून उभे. साइट हँग. सर्व्हरवर लॉगिन करून बघावं तर सीपीयू निवांत, मेमरी शिल्लक. इथे घाबरून मॅक्सथ्रेड्स दोनशेचे आठशे केले जातात, म्हणजे तिकिटाच्या खिडक्या दहाच ठेवून रांगेचा मांडव तेवढा वाढवायचा.

अशा वेळी जेस्टॅक चालवून थ्रेड डंप घ्या. बहुतेक थ्रेड हिकारीच्या गेटकनेक्शनपाशी थांबलेले दिसले की निदान झालं. एसएमएस आणि पेमेंट गेटवेचे कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा, बाहेरच्या प्रत्येक कॉलला टाइमआउट लावा, आणि स्प्रिंग बूटची ‘ओपन इन व्ह्यू’ ही सेटिंग बंद करा. ती मुळात चालू असते, आणि तिच्यामुळे डेटाबेसचं काम आटोपलं तरी पान तयार होईपर्यंत कनेक्शन अडकून राहू शकतं. पूल वाढवायचा तर जपून. पोस्टग्रेसची मर्यादा न बदलता शंभर कनेक्शन्सची असते, मायएसक्यूएलची १५१. ॲपच्या चार प्रती, प्रत्येकी वीस, झाले ऐंशी. नवी आवृत्ती डिप्लॉय करताना जुन्या आणि नव्या प्रती थोडा वेळ एकत्र चालतात तेव्हा होतात एकशे साठ, आणि पोस्टग्रेस ‘टू मेनी क्लायंट्स’ म्हणून दार लावून घेतो.

या सगळ्या हिशोबात टॉमकॅटच्या जागी जेटी किंवा अंडरटो ठेवून बघा. उत्तर तेच येतं. म्हणूनच सेकंदाला लाखभर ‘हॅलो वर्ल्ड’ कोण देतो याच्या तक्त्यांवर मी फार वेळ घालवत नाही. डेटाबेस ॲपच्या शेजारी आहे का, हे मात्र नक्की बघतो. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं २०१५ पासून. तरीही ॲप मुंबईत आणि डेटाबेस स्वस्त पडला म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, असला कारभार बघायला मिळतो. एका क्वेरीच्या जाण्यायेण्यात साधारण दोनशे मिलिसेकंद जातात. एका पानाला चाळीस क्वेरी लागत असतील तर पान आठ सेकंदांनी उघडेल, सर्व्हर कुठलाही आणा.

निवड पक्की करण्याआधी जेमीटर किंवा के-सिक्सने तुमच्याच ॲपवर लोड टेस्ट करा. होमपेजवर नको. लॉगिन, फॉर्म भरणं, फी भरणं असा पूर्ण प्रवास लावा, आणि टेस्टच्या डेटाबेसमध्ये दहा नव्हे, खऱ्याइतक्या नोंदी असू द्या. मशीन छोटं असेल तर हीपही ठरवून द्या: जेव्हीएमला काही सांगितलं नाही तर ती साधारण पाव मेमरी हीपसाठी घेते. दोन जीबीच्या व्हीपीएसवर पाचशे एमबीत गुदमरणारं ॲप बघून लोक उगाच मोठं मशीन घेतात.

दार आणि लॉग

टॉमकॅट थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. पुढे एनजिनएक्स ठेवा आणि टॉमकॅट ८०८० वर फक्त आतल्या पत्त्यावर ऐकू द्या. मॅनेजर ॲप आणि नमुन्याची ॲप्स काढून टाका. सोपा पासवर्ड असलेलं मॅनेजर ॲप सापडलं की हल्लेखोर स्वतःची वॉर फाइल चढवतो, त्याला आणखी काही लागत नाही. ८००९ पोर्टवरचा एजेपी कनेक्टर वापरात नसेल तर बंद हवा. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची त्रुटी तिथेच निघाली होती, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत तो आधीपासून बंद येतो. जुन्या सर्व्हरवर स्वतः बघून घ्या.

एनजिनएक्सच्या दोन सवयी माहीत असू द्या. एक एमबीपेक्षा मोठी फाइल तो आपणहून अडवतो, त्यामुळे विद्यार्थ्याने मार्कशीटचा फोटो चढवला की ४१३ येतो आणि बोल टॉमकॅटला बसतो. आणि मागून साठ सेकंद काही हललं नाही तर तो ५०४ देऊन मोकळा होतो.

प्रॉक्सी लावली की टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्ट १२७.०.०.१ वरून आलेली दिसू लागते. रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावला की ॲपला खरा पत्ता कळतो, पण लॉगमध्ये जुनाच दिसत राहतो. त्यासाठी ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हवर ‘रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड’ वेगळं चालू करावं लागतं. हे बारीक वाटेल. पण सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. तेव्हा सहा महिन्यांचे लॉग काढावेत आणि सगळीकडे एकच पत्ता दिसावा, यासारखी फजिती नाही. लॉग जपताना कॅटालिना-डॉट-आउटला लॉगरोटेट लावायला विसरू नका. ती फाइल गुपचूप वाढत डिस्क भरते आणि मग डेटाबेसच लिहायचं थांबवतो.

जावा नसेल तर

पीएचपीमध्ये निवडीला फार वाव नाही. पीएचपी-एफपीएम २०१० पासून मूळ पीएचपीतच आहे आणि तो उत्तम चालतो. उबुंटूवर त्याच्या मॅक्स-चिल्ड्रेनचा आकडा पाच असतो, सहावी रिक्वेस्ट थांबते, एवढं बदलून घ्या. क्लायंटने आधीच स्वस्त शेअर्ड होस्टिंगचे पैसे भरले असतील तर बहुधा पीएचपीवरच काम करावं लागेल. जावाचं कोटेशन देण्याआधी हे विचारून घ्या.

जँगोचा रनसर्व्हर प्रॉडक्शनला वापरू नका, असं जँगोचं डॉक्युमेंटेशनच बजावतं. तिथे गुनिकॉर्न घ्या. वर्कर किती, तर कोर गुणिले दोन अधिक एक, म्हणजे चार कोरला नऊ. साधा वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो आणि तीस सेकंद अडकला तर मारला जातो, म्हणून मोठा एक्सेल रिपोर्ट सेलेरीसारख्या रांगेकडे द्या. फास्टएपीआय असेल तर यूव्हीकॉर्न. यूडब्ल्यूएसजीआय आता फक्त देखभालीपुरता उरलाय, नव्या कामाला घेऊ नका. रेल्स पाचव्या आवृत्तीपासून पुमासह येतं, तोच ठेवा. नोड स्वतःच सर्व्हर आहे, पण तुमचा जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर चालतो. एकाची पीडीएफ बनवताना गणित चाललं तर बाकी सगळे थांबतात.

आधीच काहीतरी चालू असेल तर

जुन्या वेबलॉजिकवरून टॉमकॅटवर यायचा बेत अनेक कंपन्यांत शिजत असतो, मुख्यतः लायसन्सच्या बिलामुळे. किती काम पडेल याचा अंदाज दोन तासांत येतो. वेबलॉजिक-डॉट-एक्सएमएल उघडा. नावाशिवाय त्यात फारसं काही नसेल तर बरं आहे. कोडमध्ये ‘वेबलॉजिक’ने सुरू होणारे इम्पोर्ट मोजा. टी-थ्री प्रोटोकॉलने दुसऱ्या सिस्टिमशी बोलणं चाललंय का ते बघा. ॲडमिन कन्सोलमध्ये जाऊन जेएमएसच्या किती रांगा आणि किती डेटासोर्स आहेत ते लिहून काढा. ही माहिती कोडमध्ये सापडत नाही आणि ज्याने ती भरली तो बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. एक्सए डेटासोर्स, म्हणजे एकाच व्यवहारात दोन डेटाबेस बांधणारा, निघाला तर थांबा आणि तो खरंच लागतो का हे विचारा. पुष्कळदा कोणीतरी ‘असू दे’ म्हणून टिक केलेली असते. तो लागत असेल आणि ईजेबीही भरपूर असतील, तर टॉमकॅटच्या वाटेला न जाता वाइल्डफ्लाय किंवा पयाराचा अंदाज काढा. पहिलं मॉड्यूल हलवायला घ्याल ते पैशाच्या व्यवहाराचं नको, रिपोर्टचं घ्या.